कार्डिओचा कंटाळा: भरती-ओहोटी बघून पंधरवडा कसा आखायचा

रत्नागिरीतल्या भाट्याच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, जानेवारीत नवे बूट दिसतात आणि शिमग्यापर्यंत ते नाहीसे होतात. ते जातात कुठे हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण माझेच दोन जोड तसे गेले. एक पडवीच्या कोपऱ्यात पडून कडक झाला, दुसरा भाचा घेऊन गेला. कुणालाही विचारा, उत्तर एकच, ‘कंटाळा आला.’ मग जिद्द आणि मनोबल यांवर प्रवचन सुरू होतं. मला त्यात फारसं तथ्य वाटत नाही. जो रोज दुकान वेळेवर उघडतो, त्याची जिद्द फक्त सकाळी सहालाच कशी संपेल?

माझ्या पाहण्यात कार्डिओत, म्हणजे दम लागेल अशा चालण्या-धावण्याच्या व्यायामात, दोनच गोष्टी चुकतात. रोज तोच रस्ता तेवढाच वेळ, ही पहिली. दुसरी म्हणजे तो वेग झेपण्यापेक्षा थोडासा जास्त असतो. त्यामुळे व्यायाम एकाच वेळी कंटाळवाणाही होतो आणि नकोसाही. खालचे टप्पे ह्या दोन गोष्टी सुधारण्यासाठी आहेत. क्रम बदलू नका. बहुतेकजण पहिला टप्पा सोडून थेट तिसऱ्यावर उडी मारतात आणि पोटरी धरून बसतात.

टप्पा १ : आधी वेग ओळखा

पहिला आठवडा फक्त चाला. रोज वीस-पंचवीस मिनिटं, सपाट रस्त्यावर. ह्या आठवड्यात एकच काम करायचं आहे, आपला हळू, मध्यम आणि जोराचा वेग कोणता ते शोधायचं.

घड्याळ नसलं तरी चालेल. दहा मिनिटं चालून झाल्यावर तेराचा पाढा मोठ्यानं म्हणा. अख्खा पाढा न अडखळता निघाला आणि वर गुणगुणावंसंही वाटलं, तर वेग हळू आहे. दोन-तीन ओळींनंतर श्वास घ्यावा लागला, पण बोलणं तुटलं नाही, तर मध्यम. प्रत्येक ओळीला थांबावं लागलं, तर जोराचा. पाढाच येत नसेल तर शेजारच्याशी बोला. बोलता येतं पण गाता येत नाही, तो मध्यम वेग.

मनगटावर नाडी दाखवणारं घड्याळ असेल तर २२० मधून वय वजा करा. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचे येतात १७५, हे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके. त्याच्या साधारण ६४ ते ७६ टक्के म्हणजे ११२ ते १३३ ठोके, हा मध्यम वेग. हा आकडा ढोबळ आहे. तुमच्या नाडीत आणि सूत्रात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, म्हणून घड्याळ आणि पाढा यांत भांडण झालं तर पाढ्याचं ऐका.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये प्रौढांसाठी दिलेलं माप आहे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम, किंवा दोन्हींचं मिश्रण. म्हणजे जोराचं एक मिनिट मध्यमच्या दोन मिनिटांइतकं धरा. हे माप पहिल्या महिन्यातच गाठायचं नाही.

*सावधान:* मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा जुना त्रास किंवा घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असेल तर जोराच्या वेगाआधी डॉक्टरांना दाखवा. चालताना छातीत दाब आला, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ‘जरा बसलं की बरं वाटेल’ म्हणून घरी जाऊ नका, १०८ ला फोन करा.

बुटांचं एक सांगतो. पुळणीसाठी जुना जोड वेगळा ठेवा. खारं पाणी लागलेला बूट तसाच ठेवला की शिवण कुजते आणि आत मिठाची खरखर राहते, तिनं टाचेला फोड येतो. घरी आल्यावर गोड्या पाण्यात बुचकळा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, सावलीत वाळवा. उन्हात ठेवला की तळ सुटतो.

*तपासा:* आठवड्याच्या शेवटी तुम्हाला न बघता सांगता येतंय का की आत्ताचा वेग मध्यम आहे की जोराचा? येत नसेल तर अजून चार दिवस इथेच थांबा.

टप्पा २ : पंधरवडा आखा

आपल्याकडे किनाऱ्यावर राहून आठवड्याचं वेळापत्रक लावणं हीच मुळात चूक. ‘सोम-बुध-शुक्र बीचवर धावणार’ असं मीही एकदा ठरवलं होतं. पहिल्या सोमवारी ओली घट्ट पुळण मिळाली, काय धावलो! पुढच्या सोमवारी त्याच वेळी गेलो तर सगळी घट्ट पुळण पाण्याखाली आणि सुरूच्या बनाला लागून कोरड्या वाळूचा तिरका पट्टा तेवढा उरलेला. दहा मिनिटांत पाय भरून आले. मला वाटलं, माझाच दम कमी झाला. वास्तविक बदलली होती ती तिथी.

मासेमारी करणाऱ्यांचा जुना हिशोब वापरा. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी सव्वातीन-साडेतीनला भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. किनाऱ्याप्रमाणे यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात आपल्या पुळणीवर प्रत्यक्ष बघून घ्या आणि फरक लिहून ठेवा.

आता भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि पेन्सिल घ्या.

पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास, चतुर्दशीपासून तृतीयेपर्यंत, सकाळी सहा-सातच्या सुमारास पाणी बऱ्यापैकी मागे असतं. हे उधाणाचे दिवस. ओहोटीही खूप लांब जाते. पुळण रुंद, ओली, घट्ट. तिथे ‘पु’ लिहा. संध्याकाळी जाणाऱ्यांनी त्रयोदशी ते प्रतिपदा धरावी.

सप्तमी ते दशमी या भांगाच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पाणी भरलेलं. भांगाची भरती फार वर चढत नाही, पण आपल्याला हवी असलेली घट्ट पुळण मात्र झाकते. तिथे ‘पा’ लिहा, म्हणजे पाखाडी, जांभ्याच्या पायऱ्यांची चढाची वाट.

मधल्या दिवसांत सपाट रस्ता, सायकल किंवा सुट्टी. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी हवीच, तीही पेन्सिलीनं लिहा. लिहिलेली सुट्टी आणि बुडवलेला दिवस यांत फरक आहे, दुसऱ्या दिवशी तो कळतो.

अशा आखणीत एकच प्रकार पाच-सहा दिवसांहून जास्त लागत नाही. मन रमायला लागतं तेवढ्यात समुद्रच जागा बदलायला लावतो. काय करायचं हे रोज सकाळी अंथरुणात पडून ठरवावंही लागत नाही, आणि बहुतेक दिवस बुडतात ते तिथेच, अंथरुणातल्या त्या चर्चेत.

*तपासा:* पंधरवड्यात ‘पु’ आणि ‘पा’ मिळून नऊ-दहा दिवस झालेत ना? बाराच्या वर गेले असतील तर उत्साहाच्या भरात लिहिलंय. दोन खोडा. बाकीच्या दिवसांत जमेल तेवढं सपाटीवर हळू चाला, नाहीतर घरी राहा.

टप्पा ३ : पुळणीचे दिवस

क्रम असा. घरापासून पुळणीपर्यंत हळू चालत जा. गाडीनं गेलात तर आठ-दहा मिनिटं ओल्या वाळूवर हळू चाला. मग घोटे फिरवा, पोटऱ्या ताणा. त्यानंतरच वेग.

पहिले दोन पंधरवडे फक्त मध्यम चाल, तीस मिनिटं. एवढ्यावर कुणी थांबत नाही, म्हणून परत सांगतो, फक्त चाल.

तिसऱ्या पंधरवड्यापासून ‘होडी ते होडी’ खेळा. पुळणीवर ओढलेल्या होड्या, एखादा ओंडका, सुरूचं वाकलेलं झाड, नारळाची रास, काहीही खूण चालेल. एका खुणेपासून दुसरीपर्यंत जोरात, तिथून पुढच्या दोन खुणा हळू. होड्या रोज वेगळ्या जागी असतात, त्यामुळे जोराचा तुकडा कधी चाळीस पावलांचा तर कधी दोनशेचा निघतो, आणि तेच हवं. घड्याळ लावून तीस सेकंद-तीस सेकंद करणाऱ्यांपेक्षा होड्या मोजणारे जास्त टिकलेले मी पाहिलेत. सुरुवातीला चार जोराचे तुकडे, दर पंधरवड्याला एक वाढवा, आठवर थांबा. शेवटी पाच-सात मिनिटं हळू चाल.

गुहागरसारखी लांबलचक पुळण असेल तर आणखी एक मोह होतो, टोकापर्यंत जाण्याचा. जाताना वारा पाठीवर, हुशारी वाटते. येताना तोच तोंडावर, शिवाय ऊन आणि तहान. जायच्या वेळेचा आकडा आधी ठरवा आणि तो संपला की जिथे असाल तिथून फिरा. शक्यतो आधी वाऱ्याच्या तोंडावर जा.

*सावधान:* पुळणीला समुद्राकडे उतार असतो. एकाच दिशेनं चालत राहिलात तर एक पाय सतत खाली पडतो. गुडघा आणि कंबर एकाच बाजूला दुखायला लागली तर कारण हेच. गेलात त्याच पट्ट्यातून परत या.

*सावधान:* कोरड्या भुसभुशीत वाळूत चालायला घट्ट जमिनीच्या दुपटीहून अधिक शक्ती लागते. तिथे मिनिटांचा हिशोब निम्मा करा. अनवाणी चालायचं तर पहिल्यांदा पाचच मिनिटं, तेही ओल्या वाळूत. टाचेमागची शीर एकदा दुखावली की महिना खाते.

कुत्री मागे लागली तर धावणं थांबवा, वळून उभे राहा, मग सावकाश चाला. पावसाळ्यात आणि उधाणाला पाण्याच्या रेषेपासून दूर राहा, व्यायामाच्या घामात ‘जरा बुडी मारतो’ नको.

टप्पा ४ : पाखाडीचे दिवस

रत्नागिरीत पाखाडी शोधावी लागत नाही. वरच्या सड्यावरून, म्हणजे कातळी पठारावरून, खालच्या वाडीत उतरणारी जांभ्याची पायवाट प्रत्येकाच्या घराजवळ असते. नसेलच तर रत्नदुर्गावर भगवतीच्या देवळाकडे जाणारा चढ आहे.

सपाटीवर दहा मिनिटं चालून अंग गरम करा. मग एक मिनिट चढा, शेवटच्या दहा पायऱ्यांना पाढा तुटला पाहिजे एवढ्या वेगानं. उतरताना मात्र सावकाश, कठड्याच्या बाजूनं, पूर्ण पाऊल टेकवत. पहिल्या दिवशी चार फेऱ्या. पुढच्या खेपेला पाच. आठ झाल्या की फेऱ्या वाढवू नका, दुसरी पाखाडी धरा. प्रत्येक पाखाडीचा दम वेगळा असतो: एकीच्या पायऱ्या बुटक्या आणि लांब, दुसरीच्या गुडघ्याएवढ्या. आमच्या खालच्या वाडीतल्या पाखाडीत मध्येच एक पायरी अर्धी फुटलेली आहे. ती डाव्या पायाखाली आली की फेरी बरोबर चालली आहे असं मी समजतो. असली वेडगळ मोजमापं प्रत्येकानं करावीत, डोकं गुंतून राहतं.

लोक हसतील. एकाच पाखाडीवर चारदा वर-खाली करणाऱ्याला कुणीतरी विचारतंच, ‘काय हरवलंय का?’ पाचव्या फेरीला उत्तर द्यायला दम उरत नाही, तेव्हा वेग बरोबर आहे असं समजा.

पाखाडीत होणारी मोठी चूक उतरताना होते. चढताना सगळे सांभाळून असतात, उतरताना मात्र उड्या मारतात. मांडीच्या पुढच्या स्नायूवर खरा ताण उतारातच पडतो आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतो. म्हणून पाखाडीचे दिवस लागोपाठ नकोत. ‘पा’ लिहिलेल्या दिवसांतही एकाआड एक दिवस सपाटीवर चाला.

*सावधान:* जूनपासून जांभ्यावर शेवाळ धरतं. दिवाळीपर्यंत पाखाडी बंद, वाद नको. तिन्हीसांजेनंतर पाखाडीत आणि सड्यावर बॅटरी हवीच. फुरसं हा विषारी साप, मातीच्या रंगाचं असतं, दिसत नाही आणि पायरीच्या फटीत बसतं.

टप्पा ५ : पावसाळ्याचे दिवस

जून ते सप्टेंबर हा खरा गळतीचा काळ. आखणी मेमध्येच करा. पाऊस सुरू झाल्यावर ‘बघू उघडीप मिळाली तर’ म्हणणारा माणूस थेट नवरात्रात दिसतो.

ओटीवर किंवा पडवीत पंचवीस मिनिटांचं चक्र लावा. पाच मिनिटं जागच्या जागी चाल, मग दोरीच्या उड्या तीस सेकंद, सूर्यनमस्कार तीन, जिना दोनदा वर-खाली, एक मिनिट संथ चाल. उड्यांपासून संथ चालीपर्यंतचा हा फेरा चार-पाचदा. दोरीच्या मधोमध पाय ठेवून उभे राहा; मुठी काखेपर्यंत आल्या की लांबी बरोबर. उडी बोटभर उंचीची पुरे. खाली जाड सतरंजी नको, ती सरकते. आणि फरशीवर पावसाचं पाणी आलं असेल तर त्या दिवशी दोरी नको.

श्रावण लागला की वाडीत जाखडीच्या तालमी सुरू होतात. तिथे जा. मधे गाणारे आणि मृदंगवाला, भोवती फेर धरून नाचणारे. पंधरा मिनिटांत सदरा पिळून निघतो आणि घड्याळाकडे कुणी बघत नाही. झिम्मा-फुगडीचंही तेच. आमच्या शेजारच्या काकू ट्रेडमिलचं नाव काढलं की नाक मुरडतात, पण गौरीच्या रात्री त्यांच्याबरोबर फेर धरून बघा. मी धरला होता, तिसऱ्या गाण्याला खांब पकडला.

*तपासा:* घरातल्या व्यायामाचा वेगही पाढ्यानं तपासा. चार भिंतींत सगळेच नकळत हळू करतात.

उकाडा, पाणी आणि मीठ

हा टप्पा नाही, पण याच्यामुळे सगळे टप्पे बिघडतात. आपल्या हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात नेहमीच्याच वेगाला पाढा तुटायला लागतो. तब्येत बिघडली नाही, वेग कमी करा. रस्ता तोच ठेवून जास्त वेळ लागू द्या.

किती पाणी लागतं ते एकदा मोजून घ्या. निघण्याआधी आणि आल्यावर अंग पुसून वजन करा. एक किलो उतरलं म्हणजे साधारण लिटरभर घाम गेला. तेवढं पाणी पुढच्या दोन-तीन तासांत हळूहळू प्या, एका दमात तांब्या रिकामा करू नका. कोकमाचं आगळ घालून प्यायलात तर वरून मीठ नको, आगळात ते आधीच भरपूर असतं. रक्तदाबवाल्यांनी आगळाऐवजी बिनमिठाची आमसुलं भिजवावीत.

टप्पा ६ : कंटाळा आलाच तर

येणारच. त्यासाठी उपाय आधी ठरवून ठेवा आणि याच क्रमानं वापरा.

1. दहा मिनिटांचा करार. बूट घालून दहा मिनिटं हळू चालायचं, मग परत यायची मुभा. परत आलात तरी कालनिर्णयावर ‘१०’ लिहा. शून्य लिहू नका.

2. सोबत. फोन करून ‘येतोस का’ विचारणारी सोबत टिकत नाही. जागा आणि वेळ ठरवा, ‘सहा वाजता पुलाच्या तोंडाशी, पाच मिनिटं थांबेन आणि निघेन.’ आणि खरंच निघा. सोबतीचा वेग तुमच्याहून जास्त असेल तर त्याच्याबरोबर फक्त हळूचे दिवस करा.

3. एकच गोष्ट बदला. रस्ता बदलायचा तर वेग तोच, वेग वाढवायचा तर वेळ तोच. तिन्ही एकदम बदलले की दुखणं कशानं आलं ते कळत नाही.

4. महिन्यातून एक मोठा दिवस. सायकल असेल तर आरे-वारेवरून गणपतीपुळे, एका बाजूनं साधारण पंचवीस किलोमीटर. येताना कुणाच्या टेम्पोत सायकल टाका, लाज नको. सायकल नसेल तर पुळ्याला बसनं जा आणि डोंगराची प्रदक्षिणा करा. एका फेरीला साधारण किलोमीटरभर होतं. गर्दीच्या दिवशी मात्र तिथे वेग काढू नका, मागच्या आजींना वाट द्या.

वजनकाटा उत्साहाचं माप म्हणून वापरू नका. तो आठवड्याला आंबरसावर आणि उकडीच्या मोदकांवर हलतो. दर पौर्णिमेला त्याच पट्ट्यात, त्याच मध्यम वेगात, दोन ठरलेल्या खुणांमधलं अंतर चाला आणि लागलेली मिनिटं लिहा. वेग पाढ्यानं तोच ठेवायचा, घड्याळाशी शर्यत लावायची नाही. तीन पौर्णिमांत मिनिट-दीड मिनिट उतरलं तर काम होतंय.

टप्पा ७ : खंडानंतर परत

खंड पडणार. चाकरमानी आले, लग्नं निघाली, गणपती आले. चूक खंडाची नसते. परत येताना जिथे सोडलं तिथूनच धरण्याची असते. आठवडा गेला असेल तर तीच मिनिटं, पण जोराचे तुकडे नकोत. पंधरवडा गेला असेल तर दोन-तृतीयांश. महिना गेला तर निम्म्यावर या आणि दोन आठवड्यांत वर चढा. ताप येऊन गेला असेल तर अंगातली कणकण पूर्ण गेल्याशिवाय सुरूच करू नका.

गणपतीनंतर परतायला तिथी आपल्या बाजूनं असते. अनंत चतुर्दशी झाली की पाठोपाठ पौर्णिमा, मग प्रतिपदा. पाऊस उघडलेला असला तर सकाळी पुळण रुंद आणि घट्ट मिळते. चार-पाच दिवस अनवाणी मात्र नको, मखरांचे खिळे आणि तारा वाळूत असतात. बूट घाला, पहिल्या दिवशी वीस मिनिटं चाला, आणि तेराचा पाढा म्हणून बघा.